मालकाचं नाव

इन्सुलिन भरलेली सिरिंज ट्रेमध्ये झाकून मी बायकांच्या वॉर्डात उभी होते, आणि दोन शेवंताबाई माझ्याकडे टुकूटुकू बघत होत्या. दोघीही लांजीकडच्या, कालच बालाघाटच्या दवाखान्यात दाखल झालेल्या. इन्सुलिनच्या कागदावर तीन नंबरची खाट लिहिलेली. पण एकीला म्हणे खिडकीचं वारं सोसेना, म्हणून सकाळी दोघींनी आपसात खाटा बदलल्या. कपाळ माझं!

साखरेची बीमारी कोणाले आहे, असं विचारलं तर दोघी "हौ" म्हणाल्या. नर्सच्या पांढऱ्या लुगड्यातल्या बाईला नाही कसं म्हणायचं?

कंपाउंडर मोतीलाल म्हणाला, खाट बघ आणि टोचून मोकळी हो, जेवण आलंच. पण मोठ्या सिस्टरनी आम्हा शिकाऊ पोरींच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं की औषध खाटेला नाही, माणसाला द्यायचं. भलतीला टोचलं तर तिची साखर उतरून ती हातची जायची. कागदावर 'शेवंताबाई, पती महागू' एवढंच होतं. मी दोघींना नवऱ्याचं नाव विचारलं. एकीने पदर तोंडावर ओढला, दुसरी भिंतीकडे वळली.

मला राग आला नाही. मी तरी नवऱ्याचं नाव कुठे घेत होते? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. हे गेल्यावर तर घरात कोणीच त्यांचं नाव काढेना. दादाने मला नर्सिंगला घातलं, तेव्हा फॉर्मवरही त्यानेच लिहिलं.

मी ट्रे स्टुलावर ठेवला आणि पदरवालीच्या खाटेवर टेकले.

"माझ्या मालकाचं नाव त्र्यंबक," मी म्हणाले. "त्र्यंबकराव."

पदराआडून दोन डोळे डोकावले आणि माझ्या मोकळ्या कपाळावर थांबले.

"आमचे... महागू," ती पुटपुटली, आणि लगेच देवाला हात जोडले. दुसरीनेही भिंतीकडे बघतच "दुलीचंद" सांगून टाकलं. तीन नंबरवर आता तीच होती. खाट बघून टोचलं असतं तर सुई हिलाच गेली असती.

महागूच्या शेवंताबाईच्या दंडावर सुई दिली. मी कापूस दाबत होते, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "त्र्यंबकराव चांगले होते का, बाई?"

दोन वर्षांत ते नाव कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

"हौ," मी म्हणाले. "लय चांगले होते."

कापूस मी जरा जास्तच वेळ दाबून धरला.