उतावळ्या काकांचं पान

मिस्त्रींनी कागदांची चळत स्वयंपाकघरातल्या टेबलावर अशी आपटली की चहाच्या कपांनी जागच्या जागी उडी मारली.

"हे पान काढ. आत्ताच्या आत्ता काढ!"

मुलीनं आधी कप सावरले, मग कागद. पुस्तक तिचंच होतं, लहान मुलांसाठी लिहिलेलं. जगातल्या जुन्या, नावाजलेल्या इमारती माणसांनी कशा बांधल्या, ते त्यात सांगितलं होतं. पिरॅमिडचे दगड ओढताना वाळू ओली का करत, एवढाले घुमट वर कसे तोलून राहतात, असं सगळं. सोमवारी पुस्तक छपाईला जायचं होतं. त्यातली निम्मी माहिती तिनं बापाच्या खनपटीला बसून काढली होती. जुन्या कमानी दगड दगड सुटा करून पुन्हा जशाच्या तशा उभ्या करण्यात मिस्त्रींचा हातखंडा. राग मात्र कायम नाकाच्या शेंड्यावर.

"कुठलं पान, बाबा?"

"कुठलं म्हणून वर विचारतेस? चाळिसावं!"

चाळिसाव्या पानावर कमान होती. खाली चौकटीत 'उतावळ्या काकांची गोष्ट'. चित्रात एक गबदुल माणूस जीभ बाहेर काढून हातोडा हाणत होता, कमानीचे दगड त्याच्या टाळक्यावर पडत होते आणि डोक्याभोवती तारे फिरत होते.

"माझ्या भावाचा विदूषक केलास! मेलेल्या माणसाचा! लाज कशी वाटली नाही गं तुला?"

"नाव कुठे दिलंय मी? आणि गोष्ट कुणाची आहे?" आता मुलगीही तापली. राग तिनं बापाकडूनच घेतला होता. "लहानपणी जिना धावत उतरले की कोण ओरडायचं? 'काकासारखी घाई करू नकोस. त्यानं घाईनं पाचर काढली आणि कमान अंगावर घेतली.' शब्दसुद्धा तुमचेच आहेत. मी फक्त लिहून काढलेत."

मिस्त्रींनी ते पान उलटं करून चळतीखाली सारलं.

काकू ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून बशी पुसत होती. ती त्या भावाची बायको. तो गेल्यावर पदरातल्या मुलाला घेऊन इथेच राहिली. घरात सगळेच तिला काकू म्हणत, मिस्त्रीसुद्धा. एकतीस वर्षांत तिनं एक कप कधी घाईनं विसळला नव्हता. गॅस बंद केला तरी दोनदा बघायची. मुलाला शाळेत धाडताना रोज एकच सांगायची, बापासारखी घाई करू नकोस रे.

"राहू दे की, भाऊजी," ती वळून म्हणाली. "मुलं हसतील, पण हळू काम करायला तर शिकतील. त्यांच्या जाण्याचा तेवढा तरी उपयोग होऊ दे."

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चप्पल पायात सरकवली.

"उद्या शाळेत वाचणार आहेस ना? माझी कमान मी परत घेऊन येतो. बघतोच कशी वाचतेस ते!"

कमान लाकडी ठोकळ्यांची होती, गुडघाभर उंचीची. मिस्त्रींनीच महिनाभर खपून मुलीला करून दिली होती. छपाईआधी पुस्तक मुलांना कळतंय का, हे बघायला ती चौथीच्या वर्गात वाचून दाखवणार होती.

दुसऱ्या दिवशी ते तरातरा शाळेत शिरले. मागून काकू आपल्या चालीनं आली. नवऱ्याची गोष्ट पुस्तकात येतेय, तिला ती ऐकायची होती. वर्गात पंचवीस-तीस पोरं कमानीभोवती मांडी घालून बसली होती. बापाचा चेहरा बघून मुलीनं ओळखलं, आता स्फोट होणार. ती घाईघाईनं म्हणाली, "मुलांनो, ही कमान बनवणारे मिस्त्रीआजोबा आलेत!"

पोरांनी टाळ्यांचा असा काही गजर केला की मिस्त्री दारातच थबकले. कमान उचलून चालू लागणं आता कसं जमणार? ते मुकाट्यानं खाली बसले.

"आजोबा, मधला दगड पडत का नाही?"

"पडेल कसा? दोन्हीकडचे त्याला दाबून धरतात." हात ठोकळ्यांवर गेले आणि मिस्त्री स्वतःला विसरले. "पण मधला बसेपर्यंत सगळं अधांतरी. म्हणून खाली हा लाकडी साचा उभा करायचा. साच्याच्या पायांखाली दोन्हीकडे पाचरी ठोकायच्या. दगड बसले की पाचरी सोडायच्या. बाहेर दोघं उभे, एक या अंगाला, एक त्या अंगाला. तिसरा आत, कमानीखाली. साचा दोन्हीकडून सारखा उतरतोय का, ते त्यालाच दिसतं. तो सांगेल तेव्हा याचा एक टोला, मग त्याचा एक. एक अंग आधी सुटलं की सगळं कोसळलं. समजलं?"

"हो-ओ!" वर्ग ओरडला.

मग मुलीनं पान वाचलं. उतावळे काका कसे वाट बघायला तयार नव्हते, त्यांनी धाडकन पाचर कशी काढली आणि दगड कसे टाळक्यात बसले. चित्र दाखवल्यावर वर्ग खदखदून हसला. एका पोरानं जीभ बाहेर काढून हातोडा हाणायची नक्कल केली, त्यावर आणखी हशा.

"हसू नका!"

मिस्त्रींचा आवाज भिंतीवर आपटला. पुढेच बसलेली एक मुलगी शेजारणीला बिलगली.

"हसण्यासारखं काय आहे त्यात? माणूस मेलाय! चांगला कारागीर होता. तुमच्या त्या पुस्तकातल्या सगळ्या राजांपेक्षा चांगला!"

"बाबा," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "मुलं आहेत ती."

एक दात पडलेली मुलगी तेवढी घाबरली नव्हती. मघापासून ती जमिनीवर पालथी पडून कमानीच्या आत बघत होती. तिनं मान वर केली.

"आजोबा, पाचर बाहेरून मारतात ना?"

"हो."

"आणि आतल्या माणसाकडे हातोडा नसतो?"

"नसतो. त्यानं फक्त सांगायचं."

"मग काका तर आत सापडले." तिनं बोट कमानीखाली घातलं. "आत असलेल्या काकांनी बाहेरची पाचर कशी काढली?"

एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ना ठेकेदारानं, ना पोलिसांनी. थोरला भाऊ रडत सांगतोय म्हटल्यावर कोण विचारणार? आणि त्या अंगाला उभा असलेला मजूर दुसऱ्याच दिवशी काम सोडून गेला होता.

मिस्त्रींनी कमानीकडे बघितलं. त्या दिवशीही, त्या मजुरादेखत, आतून आवाज आला होता. दादा, थांब. तुझी बाजू जास्त उतरलीय. धाकट्यानं मजुरासमोर चूक दाखवली होती. मला शिकवतोस काय रे, एवढंच तेव्हा डोक्यात आलं होतं. आणि हातात घण होता.

"आजोबा?"

"तो आतच होता," मिस्त्री म्हणाले. त्यांनी पुन्हा सांगितलं, "तो आत होता. थांब म्हणत होता."

"मग पाचर कुणी काढली?"

"मी."

मुलीच्या हातातलं पान खाली आलं.

"मी काढली. रागाच्या भरात. तो थांब म्हणाला, म्हणूनच काढली." एवढं बोलून त्यांनी मान वर केली, ती काकूकडे बघायला. काकू दाराशी लहान मुलांच्या खुर्चीवर पर्स मांडीत धरून बसली होती.

दात पडलेल्या मुलीला उत्तर मिळालं होतं. तिचं समाधान झालं.

"म्हणजे चित्र चुकलंय," ती म्हणाली. आपल्या कंपासपेटीतलं खोडरबर काढून तिनं मिस्त्रींच्या पुढे धरलं. "हे घ्या."

मिस्त्रींनी हात पुढे केला.

खुर्ची आडवी पडल्याचा आवाज झाला. ती उचलायला काकू थांबली नाही. पोरांच्या मांड्या, वह्या, कमानीचे ठोकळे, काही न बघता ती धावत आली. कमान कोसळली, ठोकळे वर्गभर घरंगळले. तिनं मिस्त्रींच्या हाताखालून खोडरबर ओढून घेतलं आणि पुतणीच्या हातातलं पान खेचलं.

"पोराला मी रोज काय सांगत आले, भाऊजी?" ती म्हणाली. "रोज!"

ती तिथेच जमिनीवर बसली आणि चित्रातल्या माणसाच्या हातातला हातोडा खोडायला लागली. छापलेलं चित्र ते, रबरानं काय जाणार? ती दात-ओठ खाऊन घासत राहिली. कागद फाटला, खालची फरशी दिसायला लागली, तरी तिचा हात थांबला नाही.