तळघरातली फानागालो

माझी पत्नी पद्मा हिच्या फ्रेंचच्या तोंडी परीक्षेस एक महिना उरला असताना माझ्या मनात मत्सराने प्रवेश केला, हे मी प्रारंभीच मान्य करतो.

पद्मा नागपुरास परिचारिका होती. येथे परदेशात, ब्रॉसार्ड या फ्रेंचभाषक शहरात राहून, तेच काम मिळवायचे तर फ्रेंचवाचून गत्यंतर नाही. परीक्षेत दोघांनी समोरासमोर बसून संभाषण करावयाचे असते. तिने जोडीदार म्हणून वर्गातील सिफो या गृहस्थाची निवड केली. तो दक्षिण आफ्रिकेतील झुलू, व्यवसायाने तोही नर्स. दर शनिवारी दुपारी तो येई, दाराशी बर्फात घालायचे बूट काढी, मला अदबीने "हॅलो, सर" म्हणे, आणि ती दोघे सरावासाठी बेसमेंटमध्ये उतरत.

मी वर कांदा चिरीत असे. माझे शिक्षण दहावीपर्यंत, तेही अपूर्ण. फ्रेंचचा वर्ग मी दोनदा सोडलेला. जिन्यातून वर येणाऱ्या शब्दांचा अर्थ मला लागत नसे. हास्याचा मात्र लागे.

"कशाचं एवढं हसू येत होतं?" मी एकदा विचारले.

"अहो, तो पेशंट झाला होता. मी नुसतं इंजेक्शन म्हटलं तर पळाला जिन्यापर्यंत! एवढा मोठा गडी!"

"मग तू पकडलंस की नाही एवढ्या मोठ्या गड्याला?"

"पकडलं. आणि तुमच्या डोळ्यांना काय झालं? कांदाच आहे ना तो?"

त्या क्षणी मला स्मरण झाले की माझ्यापाशीही एक विद्या आहे. दक्षिण आफ्रिकेतच, रस्टेनबर्गजवळील प्लॅटिनमच्या खाणीत मी सहा वर्षे वायरमन होतो. तेथे दहा भाषांचे कामगार एकत्र जमिनीखाली उतरत, आणि सर्वांचे काम झुलूवर आधारलेल्या एका मिश्र बोलीत चाले. तिचे नाव फानागालो. खाली उतरण्यापूर्वी नवागतांना ती शिकविली जाई. आयुष्यात मी पहिला आलो तो त्याच एका वर्गात. या माणसाची भाषा मला येते, पद्माला येत नाही, या विचाराने मला धीर आला.

पुढल्या शनिवारी मी चहा आणि चिवडा घेऊन खाली गेलो. सिफो खिडकीशी उभा होता. मी खाणीतल्या खणखणीत आवाजात म्हणालो, "वेना! बुया लापा. ह्लाला पान्सी." म्हणजे, तू! इकडे ये. खाली बस.

तो दचकला. मग सावकाश आला आणि मी दाखविलेल्या खुर्चीवर बसला.

"टाटा लो टी. चेचा!" चहा घे, लवकर.

त्याने दोन्ही हातांनी कप घेतला. नजर खाली ठेवून तो म्हणाला, "येबो, बास." होय, मालक.

"अय्या, तुम्हाला याची भाषा येते?" पद्मा उद्गारली.

कित्येक महिन्यांत मला जे हवे होते ते त्या एका 'अय्या'मध्ये होते. मी थांबलोच नाही. खोका उचल, तिकडे ठेव, दिवा लाव. तो मुकाट्याने सर्व करीत गेला. मग मला खरा प्रश्न विचारावासा वाटला: माझ्या पत्नीविषयी तुझ्या मनात काय आहे? मी तोंड उघडले आणि शब्द सापडेना. मला उचल, खण, पळ, धोका हेच शिकविले होते. माणसाच्या मनातले कसे विचारावे, हे त्या वर्गात आले नाही; आणि सहा वर्षांत मी ते कोणाला विचारलेही नाही.

सिफोने कप ठेवला. पद्माशी तो हळू आवाजात फ्रेंचमध्ये बराच वेळ बोलला, आणि वर जाऊन बूट घालून निघून गेला.

"काय सांगितलं त्यानं?"

"त्याचे वडील सत्तावीस वर्षं सोन्याच्या खाणीत होते. तिथले गोरे साहेब याच बोलीत त्यांना हुकूम सोडायचे. सुट्टीत घरी आले की ही बोली कानावर पडू द्यायचे नाहीत. पोरांनी गमतीनं एक शब्द काढला, तरी जेवणावरून उठायचे." पद्मा त्याचा कप उचलू लागली. "माझ्या बापूंना पाटलाचं शेंबडं पोरगं 'ए, इकडं ये' म्हणायचं. बापू जायचे. सांगितलंय ना मी तुम्हाला?"

"अगं, मी आपुलकीनं बोलायला गेलो होतो."

"आपुलकीनं नाही. जळून."



त्यानंतर ती दोघे वाचनालयात सराव करू लागली. त्याचे पाऊल माझ्या घरात पडू नये ही माझी इच्छा अशा रीतीने पूर्ण झाली. परंतु आता मला हास्यही ऐकू येईना, आणि ते अधिक असह्य होते. पद्मा माझ्याशी कामापुरते बोले.

परीक्षेपूर्वीच्या अखेरच्या शनिवारी मी बसने वाचनालयात गेलो. काचेतून दिसले की सिफो पुन्हा रुग्ण झाला आहे, आणि पद्मा त्याचे मनगट धरून नाडी मोजते आहे. परत फिरावे असे वाटले. तरीही मी टेबलापाशी गेलो आणि इंग्रजीत म्हणालो, "सर, आय ॲम सॉरी. मी तुम्हाला नोकर समजून बोललो."

त्याने आपले मनगट सोडवून घेतले.

"तुम्ही ती खाणीतली बोली फार चांगली बोलता," तो म्हणाला. "माझ्या वडिलांपेक्षाही चांगली."

ही स्तुती होती की आणखी काही, हे मला आजही सांगता येणार नाही. मग तो म्हणाला, "आमच्या सरावाची वीस मिनिटं उरली आहेत. प्लीज."

पद्माने माझ्याकडे पाहिले नाही; मात्र शेजारच्या खुर्चीवरील आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी तेथे बसलो. तिने पुन्हा त्याचे मनगट धरले आणि फ्रेंचमध्ये आकडे मोजू लागली. माझा मत्सर नाहीसा झाला असे लिहिले तर ते असत्य ठरेल. तो घेऊनच मी वीस मिनिटे गप्प बसलो.