करडईचं तेल

झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव – कन्नड अक्षरं, घासून घासून पुसट झालेली – गौरम्मा. सुधारानीनं त्यावरून अंगठा फिरवला. डबा तिचा नव्हता. काल संध्याकाळी तो प्रभूच्या दप्तरातून निघाला तेव्हा तिनं घाईघाईनं झाकण उघडलं होतं. आत भाकरीचा तुकडा, कडेला चटणी... प्रभूला शेंगदाणा चालत नाही. जनवाड्याच्या लग्नात चिक्कीचा एवढासा तुकडा, मग ते सुजलेले ओठ, शिट्टीसारखा श्वास, बीदरपर्यंतचा न संपणारा रस्ता – तेव्हापासून ती रोज डबा भरते, वास घेते, मगच झाकण लावते. आणि ह्या मुलखात तर घरोघरी शेंगांची चटणी.

"कोणाचा डबा खाल्लास?"

"प्रशांतचा. त्यानं माझा. सारखेच हायत की!" प्रभू पलंगावर उड्या मारत होता. तिनं त्याचे ओठ पाहिले, हात पाहिले, सदरा वर करून पोट पाहिलं... काही नव्हतं.

"चटणी?"

"काळी. कारळाची. शेंगाची लाल देतच न्हाई त्याची आज्जी. मी बाजूला बसतोय म्हणून. प्रशांत चिडायलाय – तुझ्यामुळं मला काळं खावं लागायलंय म्हणतोय."

म्हणजे प्रशांतची आज्जी ती गौरम्मा! शाळेच्या बैठकीत सगळ्या बायकांसमोर जिनं हसून विचारलं होतं, "शेंगा न्हाई तर लेकरू खायलंय तरी काय ग? वारं?" आणि ही बी.एस्सी. झालेली बाई घरी येऊन रडली होती...

"आणि आज्जी म्हणली, अम्माला सांग, तेल पण करडईचं हाय."

"कधी म्हणली?"

"लई दिवस झाले. विसरलो मी."

लई दिवस. म्हणजे मी एकटीच जीव मुठीत धरून बसले आहे असं वाटत होतं तेव्हा दुसऱ्या एका स्वयंपाकघरात कुणीतरी माझ्या पोराच्या श्वासाचा विचार करत कारळ भाजत होतं – नातवाची कुरकुर ऐकत, माझ्यापुढं एका शब्दानं न मिरवता...

रिकामा डबा परत पाठवायचा नसतो. आज सकाळी तिनं त्यात प्रशांतसाठी गुळाचा शिरा भरला, तुपाचा हात सैल सोडून. शेजारी प्रभूसाठी प्लॅस्टिकचा डबा – त्याचा स्टीलचा प्रशांतकडेच राहिला होता.

"अम्मा, आज पण बदलू आम्ही?"

हो म्हणणं अजून जिभेवर येत नव्हतं, नाही म्हणणंही. गूळ कमी पडला असेल का... प्रशांतला आवडेल ना... बाहेर रिक्षाचा हॉर्न. झाकणं लागली, दप्तराची चेन लागली, प्रभू पळाला – आणि मग तिच्या लक्षात आलं, आज आपण वास घेतलाच नाही.