शेंदराच्या दगडापलीकडची पिल्लं

मी एक म्हातारी खडस मासळी आहे. शहरातले लोक मला महाशीर म्हणतात. मुरबाडपासून जीपने तासभर आत, देवीच्या डोहात माझा मुक्काम असतो. तुम्हाला 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणते. मैत्री मात्र गृहीत धरू नका.

माझा जन्म डोहातला नाही. आमच्या आया पावसाळ्यात वरच्या ओढ्यात चढतात आणि बारीक खड्यांवर अंडी घालतात. भादव्यात पाणी उतरू लागलं की पिल्लं खाली येतात. मीही अशीच बोटाएवढी आले. डोहाच्या तोंडाशी शेंदूर फासलेला दगड आहे. त्याच्यापासून खालच्या अंगाला देवीची हद्द, तिथे कोणी गळसुद्धा टाकत नाही. त्या नियमावर मी वीस पावसाळे काढले.

माझं कौतुकही फार. बायका म्हणतात, "देवीचे मासे केवढाले गो!" पण इथे फक्त केवढालेच का, हे एकीच्याही डोक्यात येत नाही. सहा वर्षांत या डोहात एकही लहान मासा आलेला नाही.

कारण दगडाच्या चार पावलं वर, ओढ्यात, गावातला लडकू बांबूचा सापळा लावतो. यंदाही त्याने लावला. मी दगडाशी वाट बघत होते आणि माझी पिल्लं डोळ्यांदेखत त्यात शिरत होती. मला रोज भाकरी टाकणारी धोंडीबाई तेव्हा काठावर होती.

"वर नको लावू रे. याच माशांची पिल्लं हायत ती."

"देवीची हद्द दगडाखाली, काकी. मी काय पाप केलं?"

"मंग दगड वर सरकवू."

"देवीच्या दगडाला हात कोण लावील?"

 लडकूने पानावर पिल्लांचा वाटा दिला, तो धोंडीबाईने घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने टाकलेल्या भाकरीला कालवणाचा वास होता. मी तोंड लावलं नाही. "देवी रुसली," म्हणत तिने हात जोडले. मला तिची किळस आली.

मित्रांनो, मला तुमची भाकरी नको. तो दगड उचला आणि ओढ्याच्या उगमाशी नेऊन ठेवा. देवी कोपणार नाही. माझ्याकडे आता फार तर दोन पावसाळ्यांपुरती अंडी आहेत. त्यानंतर डोहात नुसतं पाणी राहील, त्याला नमस्कार करत बसा.