टोमॅटोचं फूल आधी

सकाळी नऊ वाजता बाबांनी ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर भाज्या मांडल्या. लाल मुळे, गाजरं, दोन काकड्या, टणक टोमॅटो, कांद्याची पात, आणि मुठीएवढा एक फ्लॉवर.

"गुच्छ करणार?" मी विचारलं.

"नाही, अंगठ्या घडवणार. दिसत नाही का?"

"पण कुणासाठी?"

"तुझ्या आईसाठी. ती गेली म्हणून तारीख जाते का कुठं?"

त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. परवा आईला जाऊन वर्ष होणार होतं. त्यांनी सुरी उचलली तेव्हाच मी ठरवलं, आज सांगून टाकायचं. असं मी वर्षभरात बऱ्याचदा ठरवलं होतं.

बाबांनी एकतीस वर्षं एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांनी आईला गुलाब आणले होते. आईनं ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "याची भाजी होते का?" पुढच्या वर्षीपासून बाबा भाज्यांचाच गुच्छ करू लागले. टोमॅटोची साल एका सलग पट्टीत सोलायची आणि गुंडाळायची, की गुलाब. मुळ्याला उभ्या चिरा देऊन गार पाण्यात टाकायचा, अर्ध्या तासात पाकळ्या उघडतात. काकडीच्या सालीची पानं. दांडीला लाकडी काड्या, खाली पातीची हिरवी झालर, आणि सगळ्याला आईच्या शिलाई मशीनवरचा दोरा. आई दरवर्षी म्हणायची, "काय हा पोरखेळ, वय काय आपलं." मग दोरा सोडून नीट रिळावर गुंडाळायची, खुर्ची ओढून बसायची आणि त्यांच्या डोळ्यांदेखत गुच्छ खायची. उरलेला मीठ-लिंबू लावून दुपारच्या जेवणात यायचा.

गेल्या वर्षी याच दिवशी आई हॉस्पिटलमध्ये होती आणि बाबांचा पाय प्लास्टरमध्ये. ते स्टुलावर बसून, पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून तीन तास खपले. गुच्छ माझ्या हातात देताना म्हणाले, "हलवू नकोस फार. पोटच्या पोरासारखा ने."

आईच्या खोलीबाहेर नर्सनं मला अडवलं. उद्या ऑपरेशन आहे, तोंडावाटे काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. "आत नेऊच नका ते. मागतील, आणि तुमच्याच जिवाला घोर." मी गुच्छ जिन्याच्या खिडकीत ठेवला आणि आत गेले.

आईचे ओठ सुकले होते. जरा वेळानं तिनं विचारलं, "आज यांनी काही पाठवलं नाही?"

मला कितीतरी गोष्टी सांगता आल्या असत्या. पाठवलाय, तुला दाखवू देत नाहीत, ही सगळ्यात सोपी आणि खरी. मी म्हणाले, "नाही. विसरले वाटतं."

नंतर जिन्यात बसून मी तो गुच्छ खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे खरं आहे, पण ते कारण नाही. घरी जाऊन बाबांना सांगितलं, आई खूप हसली, टोमॅटोचं फूल आधी खाल्लं.

ऑपरेशननंतर आई शुद्धीवर आली नाही. दुसऱ्या दिवशी गेली. आणि टोमॅटोचं फूल घरात राहिलं. भेटायला आलेल्या प्रत्येकाला बाबा ते सांगत. मी चहा ठेवायला आत जात असे.

आता ते काकडी सोलत होते आणि मी गाजराच्या चकत्यांना खाचा पाडत होते. दहाच्या सुमाराला शेजारच्या काकू आमचा डबा परत द्यायला आल्या आणि ओट्याशीच उभ्या राहिल्या.

"अगंबाई! अहो, आमच्या घरात चाळीस वर्षांत अख्खा कोबीसुद्धा कुणी प्रेमानं दिला नाही मला. पिशवी आपटायचे दारात, की झालं प्रेम."

"पिशवीत काय होतं ते महत्त्वाचं, काकू," बाबा म्हणाले.

"सडके बटाटे!" काकू हसल्या, मग पदरानं डोळे टिपले. "भाग्याची हो तुमची. शेवटचा घास तुमच्या हातचा गेला पोटात."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तू होतीस ना गं तिथं? टोमॅटोचं फूल आधी, आणि मग? मग काय खाल्लं?"

"विचारा तिलाच," बाबा म्हणाले. त्यांची सुरी चालूच होती.

मला क्रम तोंडपाठ होता, कारण तो माझा होता. "मग काकडीची पानं," मी म्हणाले. "मग एक गाजर. मुळा मात्र तिखट लागला."

"बघा! शेवटपर्यंत चव होती जिभेला," म्हणत काकू गेल्या. जाताना एक गाजर उचललंच.

दार लागल्यावर बाबांनी सोललेलं पान ताटलीत ठेवलं आणि ओल्या हातानं त्याची कड सरळ केली.

"पानं ती कधीच खायची नाही," ते म्हणाले. "पानं माझी असायची. अडतीस वर्षं. तू कधी बघितलंस नाही वाटतं, तू मुळ्यावर डोळा ठेवून असायचीस."

मी सुरी खाली ठेवली.

"बाबा, आईनं तो गुच्छ खाल्ला नाही."

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तू निघालीस आणि मी वॉर्डात फोन केला, म्हटलं, गुच्छ येतोय, जरा सांभाळून घ्या. नर्स म्हणाली, पाणीसुद्धा बंद आहे. म्हटलं, असू दे, बघेल तरी. डोळ्यांना कुठं पथ्य असतं! संध्याकाळी तू येऊन सांगितलंस, टोमॅटोचं फूल आधी खाल्लं." त्यांनी पातीची जुडी पुढ्यात ओढली. "म्हटलं, पोरगी माझ्यासाठी पदरचं घालतेय. घालू दे. तुला खोटं पाडून मला काय मिळणार होतं? मग लोकांनाही तेच सांगत राहिलो. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं."

मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं बोलणार नाही, क्षणभर खरंच वाटलं. वर्षभर ज्याला भीत होते ते इतकंच होतं, आणि त्यांनी ते केव्हाच पोटात घातलं होतं.

मग ते म्हणाले, "दाखवलास ना पण तिला?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. एकच अक्षर. ते अक्षर ऐकायला ते माझ्याकडे पाहतही नव्हते, इतकी त्यांना खात्री होती. पातीचे तुकडे सारखे करत होते.

"नाही दाखवला," मी म्हणाले. "तिनं विचारलं, यांनी काही पाठवलं नाही का. मी सांगितलं, तुम्ही विसरलात."

त्यांचे हात थांबले.

"गुच्छ जिन्यात होता. तो नंतर मी खाल्ला."

"विसरलो म्हणून सांगितलंस?"

"हो."

"का?"

या प्रश्नाची माझ्याकडे बरीच चांगली उत्तरं तयार होती. नर्सनं बजावलं होतं. तिनं हट्ट केला असता. तिची तहान बघवत नव्हती.

"तुमचा राग आला होता," मी म्हणाले. "अकरा दिवस मी माझं घर, हे घर आणि हॉस्पिटल करत होते. रात्री तुमचा पाय, दिवसा तिच्या उलट्या. आणि तुम्ही तीन तास बसून फुलं केलीत. ती तुमचीच वाट बघत होती, मी समोर बसलेली असून. म्हणून."

हे मी स्वतःशीसुद्धा कधी पूर्ण वाक्यात बोलले नव्हते.

बाबांनी नळ सोडला, हात धुतले, बराच वेळ धुतले. पाठमोरेच म्हणाले, "ती काय म्हणाली?"

"म्हणाली, विसरू दे. पाय ठणकत असेल. घरी जाऊन ओरडू नकोस त्यांना."

बाबांच्या तोंडून एक आवाज आला. मला वाटलं हसले, पण ते हसणं नव्हतं.

"दूध आणायला विसरलो तर दोन दोन दिवस अबोला धरायची. आयुष्यात एकदा माफ केलं मला. तेही मी न केलेल्या गोष्टीसाठी."

"बाबा, मी…"

"थांब. माफी मागू नकोस आत्ता. माझ्याकडे नाहीये ती."

पाण्यातले मुळे उमलायला लागले होते, मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. माझी पिशवी दाराजवळ होती. मला वाटलं, आता ते जा म्हणतील, आणि जा म्हटलं तर बरं होईल.

त्यांनी खुर्ची ओढली. आपल्यासाठी नाही, माझ्यासाठी. स्वतः ओट्याला टेकून उभे राहिले, बरा झालेला पाय किंचित उचलून.

"बस. खोलीत शिरलीस तिथपासून सांग. ती कुठल्या कुशीवर होती, अंगावर काय होतं, काय विचारलं, काय बोलली. माझं तिच्याशी शेवटचं बोलणं तुझ्या तोंडून झालंय, ते मला नीट ऐकायचंय. आणि आता काही घालू नकोस, काही गाळू नकोस."

मी बसले. ती डाव्या कुशीवर होती, मी सांगितलं. हिरवी चादर, पायाशी सरकलेली. खिडकीकडे तोंड. मी गेल्यावर वळली नाही, फक्त म्हणाली, आलीस का. मी खुर्ची ओढली. तिच्या ओठांना ओला कापूस लावला. ती तो चोखायला लागली म्हणून काढून घेतला. बाबांनी डोळे मिटले, पण हातानं खूण केली, चालू दे.

"मग तिनं विचारलं, आज यांनी काही पाठवलं नाही?"

इथं माझा आवाज मऊ व्हायला निघाला. मी त्याला होऊ दिलं नाही. तेव्हा जसं म्हटलं होतं, तितक्याच कोरड्या आवाजात म्हटलं.

"नाही. विसरले वाटतं."

त्यांनी ओट्याची कड धरली.

"पुढे," बाबा म्हणाले.