‘ओसरी’च्या दरवाजावरचे घाव

मी दरवाजा बोलतोय. चौकटीतून उखडलेला, अकोल्यातल्या एका पोलीस ठाण्याच्या मागच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेला. माझ्या कडीला मुद्देमालाची चिठ्ठी बांधली आहे. कोर्टात मला दाखवतील, पण बोलू देणार नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतो.

मला पातूरच्या हुसेन मिस्त्रींनी घडवलं. ‘ओसरी’ ही संस्था मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बायकांना आणि लेकरांना आसरा देते, हे कळल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर जाड आडवी पट्टी ठोकली आणि आतून अडसर बसवला. "इथं लोक नुसती कडी वाजवणार नाईत," ते म्हणाले.

खरंच होतं ते. माझ्यावर लाथा पडल्या, विटा आदळल्या. एका बापानं दारूच्या नशेत स्वतःचं कपाळ माझ्यावर आपटून घेतलं आणि रक्त पुसत "पोरगी द्या" म्हणून रडत बसला. आत त्याची पोरगी पलंगाखाली लपली होती. गजालाबाजी तिच्याजवळ फरशीवर आडवी झाली होती, कारण पलंगाखालच्या लेकराशी उभं राहून बोलता येत नाही.

गजालाबाजी ही ओसरीची कार्यकर्ती, बाजी म्हणजे ताई. अकोल्याचीच, बोलायला रोखठोक. बायकांसोबत ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात जाऊन बसायची.

मागच्या उन्हाळ्यात अमरावतीहून रमा आली. एसटीतून उतरून लेकीला कडेवर घेऊन थेट माझ्यासमोर. एक डोळा सुजून मिटलेला. लेक मैथिली अजून शाळेतही न घातलेली. तिच्या तळहातावर तापलेल्या उलथण्याचा चटका होता, कातडी सोलून लोंबत होती. आईला मारू नको म्हणून तिनं बापाचा शर्ट ओढला, एवढाच तिचा गुन्हा.

रमानं पोलिसांत तक्रार दिली आणि त्यातून पत्ता फुटला. आधी सासरे आले. बापूसाहेब, अमरावतीतले नावाजलेले वकील. इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ.

"घरातलं भांडण घरात मिटवू. सूनबाईंना पाठवून द्या."

"काकाजी, पोरीचा हात पाह्यला का तुमी?" गजालाबाजीनं विचारलं.

त्यांनी पाहिला नव्हता. ती दाखवायला निघाली, तर ते घड्याळ बघत पायऱ्या उतरले.

मग एका टळटळीत दुपारी रमाचा नवरा ईशान आला. हातात कुऱ्हाड. मागून बापूसाहेब धापा टाकत, "अरे, ऐक माझं!" म्हणत होते. गजालाबाजीनं खिडकीतून पाहिलं, पोलिसांना फोन लावला आणि अडसर टाकला.

पहिला घाव कडीजवळ बसला. दुसऱ्या घावाला माझी फळी तडकली. झाडाला घाव बसतो तेव्हा झाड उभं असतं, मोकळं असतं. माझ्यामागे माणसं होती.

"पार्बताबाई, मायलेकीले मागच्या दारानं काढा!" गजालाबाजी ओरडली. स्वयंपाक करणाऱ्या पार्बताबाईंनी मैथिलीला उचललं आणि पळाल्या. रमा मात्र परत आली. तिनं गजालाबाजीच्या शेजारी मला पाठ लावली.

"तू काहून आली वो इथं?"

"बाजी, तुम्ही एकट्या आहात."

बाहेरून शिव्या आणि घाव. ईशान ओरडत होता, "रमे, आज तुझे तुकडे करतो!" माझा ढलपा उडाला आणि पातं आरपार आत आलं. अडसरावर गजालाबाजीचा हात होता. तिची दोन बोटं तुटून खाली पडली. ती किंचाळली, पण अडसर सोडला नाही. तिचं रक्त माझ्या रेषांतून खाली ओघळत गेलं. रमानं ओढणी फाडून तो हात आवळून धरला, पाठ तशीच ठेवून.

फटीतून बापूसाहेबांना तो हात दिसला. त्यांनी धावत जाऊन लेकाचा दंड धरला. "ईशान, बस कर!"

ईशाननं कुऱ्हाडीचा दांडा बापाच्या तोंडावर हाणला. म्हातारा पायरीवर कोसळला, तोंडातून दात आणि रक्त. ईशाननं त्यांच्या बरगडीत लाथा घातल्या, मग पुन्हा माझ्याकडे वळला. तेवढ्यात पोलीस आले. तिघांनी त्याला जमिनीवर दाबलं, तरी तो चावत होता.

ठाणेदारांनी बापूसाहेबांना उठवून बसवलं. "कोणी मारलं?"

"कोणी नाही. पायरीवरून पडलो."

माझ्या भगदाडातून रमा बोलली. आवाज अजिबात चढला नव्हता. "बाबा, मीही दवाखान्यात हेच सांगायचे. खाली तो मला तुडवायचा, तेव्हा तुम्ही वर टीव्हीचा आवाज वाढवायचात."

बापूसाहेब रक्त थुंकून म्हणाले, "लिहा. माझ्या मुलानं मारलं. हिलाही मारायचा. मला सगळं ऐकू यायचं."

ईशान तुरुंगात आहे, खटला चालू आहे. बापूसाहेब एकदा माफी मागायला ओसरीत आले होते म्हणे. रमा बाहेर आली नाही. ते तासभर उन्हात बसून परत गेले. मैथिली अकोल्यातच शाळेत जाते. तिची मूठ अजून पूर्ण मिटत नाही.

गजालाबाजी जखम भरताच कामावर गेली. मुद्देमाल ओळखायला ती इथं आली, तेव्हा तिनं उरलेली बोटं माझ्या भगदाडावरून फिरवली. हवालदारानं विचारलं, "भेव नाई लागत का मॅडम आता?"

"लागते ना भाऊ. रोज लागते," ती म्हणाली, आणि सही करून निघाली. दुसरी एक बाई तिची वाट पाहत होती.

माझ्या जागी आता लोखंडी दरवाजा बसवलाय. मी परत जाणार नाही. वाळवीनं मला खालून पोखरायला सुरुवात केली आहे, कोर्टाची तारीख येईपर्यंत टिकलो म्हणजे झालं. एवढंच मागणं आहे: तुमच्या दारावर कधी अशी एखादी बाई लेकराला घेऊन उभी राहिली, तर नाव-गाव, कारण, सगळं नंतर विचारा. आधी तिला आत घ्या.