रंगपट्टी

साहेबांनी तिच्या हातातून माऊस काढून घेतला आणि जमीन किती खचली की कोणता रंग दिसणार हे ठरवणाऱ्या रंगपट्टीचं टोक वर सरकवलं. नकाशावर बोगद्याच्या दोन्ही अंगांना पसरलेले लाल ठिपके आधी पिवळे झाले, मग हिरवे.

"बघा, आकडा एकही बदलला नाही," ते म्हणाले. "फक्त लोकांच्या पोटात गोळा यायचा टळला."

ती पडद्याकडे बघत राहिली. आभाळातून जमिनीवर पाळत ठेवणं हे तिचं काम. उपग्रह ठरावीक दिवसांनी शहरावरून जायचा आणि रडारच्या लहरी खाली सोडायचा. गच्च्यांवर, पत्र्यांवर आपटून त्या परत गेल्या, की मागच्या खेपेपेक्षा कोणती इमारत किती खचली ते कळायचं. वर्षानुवर्षं जागचे न हललेले ठिपके भुयारी रेल्वेचं खोदकाम सुरू झाल्यापासून घसरणीला लागले होते. सगळ्यात वाईट गत कोपऱ्यावरच्या इमारतीची होती. तिच्या तळमजल्यावर लॉन्ड्री होती आणि वर माणसं राहत होती.

"दोन सेंटिमीटर म्हणजे काय हो, मॅडम? बोटाचं पेर!"

"एकाच कोपऱ्यात, साहेब. दुसरा कोपरा जागेवर आहे. माणूस दोन्ही गुडघ्यांत वाकला तर बसतो. एकाच गुडघ्यात वाकला तर पडतो."

"रहिवाशांच्या सभेत हा हिरवा नकाशा लावायचा. बोलेन मी. तुम्ही लॅपटॉप सांभाळा."

"हा मी केलेला नकाशा नाही."

"पगार कंपनीचा, नकाशाही कंपनीचा," साहेब हसत म्हणाले आणि निघून गेले.

तिचा धाकटा दीर त्याच बोगद्यात, खोदलेल्या भागाला आतून काँक्रीटच्या गोल कड्या बसवायच्या कामावर होता. साहेबांकडे शब्द टाकून तिनेच त्याला तिथे चिकटवलं होतं. संध्याकाळी जेवताना तिने घडलं ते सांगितलं, तेव्हा त्याचा घास हातातच राहिला.

"वहिनी, काम थांबलं तर आधी आम्हाला घरी बसवतील. तुम्हीच लावलेली नोकरी तुम्हीच घालवणार का?"

"इमारतीत माणसं राहतात, भाऊजी."

"आणि आम्ही कोण? तुमचा उपग्रह राहिला आभाळात. जमीन हलली तर आधी आम्हाला कळेल."

"मग कळतंय का काही?"

ताटात उरलेलं तसंच ठेवून तो हात धुवायला उठला. सासूबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि ताट उचललं.

सभा शाळेच्या सभागृहात होती. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आवळून बसली होती. पालिकेचे अभियंते पहिल्या रांगेत होते. साहेब छान बोलले. हिरवा नकाशा भिंतीवर झळकला तसे लोक सैलावले. मागे कुणीतरी हसलंही.

"पुढचं चित्र, मॅडम."

तिने पुढचं चित्र लावलं नाही. रंगपट्टीचं टोक धरलं आणि मुळात होतं तिथे खाली आणलं. भिंतीवर लाल पट्टा उमटला.

"चुकून जुना नकाशा लागलाय," साहेब घाईने म्हणाले.

"चुकून नाही. नकाशा तोच आहे. मघाशी त्याला रंग फासला होता, तो मी काढला."

आपला आवाज इतका स्वच्छ निघेल असं तिला वाटलं नव्हतं. लॉन्ड्रीवाल्या बाई उभ्या राहिल्या.

"त्यातलं आमचं घर कोणतं?"

तिने उठून भिंतीवरच्या नकाशात कोपऱ्यावरच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. सभागृहात गलका झाला. साहेबांनी दोन्ही हात वर केले.

"ऐकून घ्या! हे आभाळातून बांधलेले अंदाज आहेत. मॅडम कधी बोगद्यात उतरलेल्या नाहीत. प्रत्यक्ष खाली सगळं ठणठणीत आहे."

"खाली मी असतो."

मागच्या दारापाशी दीर उभा होता. कामावरून थेट आला होता. बुटांवरचा चिखल अजून ओला होता. सगळ्यांच्या माना वळल्या तसा तो अवघडला, पण मागे सरला नाही.

"कड्यांच्या सांध्यांतून पाणी येतंय. आधी स्वच्छ यायचं, हल्ली गढूळ येतं. आम्ही माती उपसून टाकतो आणि गप्प बसतो." त्याने साहेबांकडे पाहिलं. "ती माती कुणाच्या तरी पायाखालचीच असणार ना?"

साहेबांनी लॅपटॉप मिटला. पण पालिकेचे अभियंते उठून दिराजवळ गेले होते आणि पाणी नेमकं कुठे येतं ते विचारत होते. त्याच संध्याकाळी खोदकाम थांबलं आणि कोपऱ्यावरची इमारत रिकामी करायला घेतली. लॉन्ड्रीवाल्या बाई लोकांचे इस्त्री केलेले कपडे आधी बाहेर काढत होत्या, आपलं सामान नंतर.

दोघं मिळून घरी निघाली.

"उद्यापासून माझा डबा नको," तो म्हणाला.

"का? काम शोधायला उपाशी हिंडणार?"

सकाळी तिने दोन डबे भरले. एक त्याच्या हातात दिला, दुसरा आपल्या पिशवीत ठेवला आणि चपला घातल्या.

"तुम्ही कुठे निघालात?"

"ऑफिसला," ती म्हणाली. "कामावरून काढायचं असेल तर समोर उभं करून काढू देत."